न वापरलेली खोली

लाळ-खुरकूत रोगाची साथ आली आणि जनावरांचा बाजार बंद झाला. मैदानाला दोर बांधला, दोराला पाटी अडकवली, पाटीखाली एक शिपाई उभा केला. शिपाई आधी उभा होता, मग बसला, मग खांबाला टेकून झोपू लागला. बाजार मात्र उघडला नाही.

हेडी रोज सकाळी त्या दोरापर्यंत जाऊन परत येई. हेडी म्हणजे जनावरांच्या सौद्यातला मधला माणूस. एका हाताला विकणारा, दुसऱ्या हाताला घेणारा, आणि मध्ये रुमालाखाली याची बोटं. भाव तोंडाने बोलायचा नाही, बोटं दाबून कळवायचा, अशी त्या धंद्याची रीत. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या बैलांचे दात बघण्यात गेल्यामुळे जगात बिनखोडीचं काही असू शकतं, यावरचा त्याचा विश्वास केव्हाच उडाला होता. भाजीवाल्याने एखादं वांगं जास्तीचं टाकलं, तर तो ते घरी आणून उजेडात फिरवून बघायचा.

आता सौदेच नव्हते, म्हणून तो लोकांच्या गोठ्यांतून जनावरांचे खूर औषधाच्या पाण्याने धुण्याचं काम करत होता. खाली बसायचं, पाय उचलून मांडीवर घ्यायचा, खुराच्या बेचक्यात बोट घालून घाण काढायची, वर पाणी सोडायचं. औषधाने त्याच्या बोटांची सालं निघाली. पूर्वी जे लोक त्याच्या एका मानेच्या हालचालीसाठी तासन्‌तास उभे राहायचे, ते आता मागे उभं राहून पाणी जरा जास्त सोड म्हणून सांगत. तो सोडायचा. बैल मधूनच त्याच्या खांद्यावर लाळ गाळायचा. तेही तो चालवून घ्यायचा.

घरात बायको, थोरली बहीण आक्का आणि एकुलती एक मुलगी. मुलीला सगळे घुमी म्हणत, कारण ती विचारल्याशिवाय बोलत नसे आणि विचारल्यावरही विचार करूनच बोले. घुमीचं शिक्षण पूर्ण झालं होतं आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर करायचं असतं ते काम ती करत होती. म्हणजे गोठा झाडत होती. कापडाच्या दुकानात जाऊन आली, तर हिच्या तोंडावर हसू नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं. दवाखान्यात नावं पुकारायला माणूस हवा होता, तिथे आवाज बसका निघाला. शेवटी हेडीने आपल्या मावसभावाच्या वीटभट्टीवर शब्द टाकून ठेवला. भट्टी थंडीच्या सुरुवातीला पेटायची होती. तोवर दुसरं काही जमलं नाही तर घुमीने डोक्यावर विटा वाहायच्या, हे घरात ठरलेलं होतं. घुमीला ते सांगितलं तेव्हा तिने फक्त मान खाली घातली. तो होकार आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

अशात शहराकडून एक गाडी आली. गाडीवर कर्णा होता. बेरोजगार मुलामुलींना हॉटेलातलं काम शिकवायचं आहे, असं कर्णा सांगत होता. शिकवणी फुकट, दुपारचं जेवण फुकट, गणवेश फुकट, बूट फुकट, आणि शेवटी हॉटेलात नोकरी. फुकट हा शब्द इतक्या वेळा आला, की ऐकणाऱ्यांनी आपापले खिसे चाचपून बघितले.

त्या संध्याकाळी गावात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, पोरांना लांब नेऊन सोडतात. कुणी म्हणालं, सोडत नाहीत, हीच तर भानगड आहे. आक्काचं सगळं लक्ष बुटांवर होतं. बूट फुकट देणारा माणूस ते मापाला लहानच देणार, म्हणजे पोरींना पळून येता येऊ नये, असा तिचा हिशेब होता. हेडीच्या बायकोला गणवेशाचं कापड कसलं असेल याची उत्सुकता होती, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हे, एवढं तिला कळत होतं.

घुमी पाण्याची बादली खाली ठेवून म्हणाली, "मी नाव देऊन आले."

गोठ्यातली गाय तेवढी खोकली.

दुसऱ्या दिवशी खुरांचं काम अर्धवट टाकून हेडी शिकवणीची जागा बघायला गेला. कापसाच्या जुन्या गोदामात चार पलंग मांडले होते, टेबलं होती, आणि पंधरावीस मुलंमुली तळहातावर थाळा तोलत भिंतीच्या कडेकडेने चालत होती. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चेहऱ्यावर हसू. हेडी आत आला तेव्हा हसू होतं, त्याने नमस्कार केला नाही तेव्हाही होतं. तो काही न बोलता त्यांच्या मागच्या बाजूने चक्कर मारून आला. चाल बघितली. डावा पाय किंचित जड पडत होता.

त्याने सरळ विचारलं, यात खोड काय आहे. बाईंनी प्रश्नाचं वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी सांगितलं की दिवसभर उभं राहून पाय सुजतात, त्यांचा स्वतःचा डावा पाय त्यातच गेला. पाहुणे विनाकारण ओरडतात. सणासुदीला सगळे घरी असतात तेव्हा आपण कामावर असतो. पहिलं वर्षभर पगार बेताचाच मिळतो. दुसऱ्यांनी घाण केलेले संडास घासावे लागतात आणि घासून झाल्यावर आभार कुणी मानत नाही.

हेडी घरी आला तो जास्तच काळजीत. त्याने बायकोला सांगितलं, "एवढ्या खोडी स्वतःहून सांगते, म्हणजे खरी खोड फार मोठी असणार."

आक्काला हे लगेच पटलं.

तरीही घुमी जाऊ लागली. तिला अडवावं असं हेडीच्या मनात होतं. पण अडवलं तर दुपारचं जेवण घरात करावं लागणार होतं, आणि बाजार बंद असलेल्या घरात तो मुद्दा बिनतोड होता. बूट मापाचे निघाले. आक्काने ते आतून हात घालून तपासले, वास घेतला, आणि सुरुवातीला मापाचेच देत असतील म्हणाली.

घुमी पहाटे गोठा झाडायची, दूध काढायची, मग बूट हातात घेऊन चिखलाचा रस्ता संपेपर्यंत अनवाणी जायची. संध्याकाळी आली की घरातल्या एकुलत्या एका खाटेवर सराव. चादर झटकून हवेत फुगवायची, ती सरळ खाली बसली पाहिजे. मग कोपरे दुमडून गादीखाली सारायचे, तळहाताने ओढ द्यायची. चादर अशी ताणून बसायची की तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर घरंगळत जावा. पहिल्या दिवशी आक्का सवयीने खाटेवर टेकली आणि पाय आत सारायला गेली, तर पाय जाईनात. तिने बाहेरून, वरून, कडेने प्रयत्न केला.

"ही चादर अंथरलीय," ती म्हणाली, "की कुणाला बांधून न्यायची तयारी केलीय?"

आक्का त्या रात्री चादरीच्या वर झोपली आणि सकाळी अंग आखडल्याची तक्रार करत उठली.

हसण्याचा सराव घुमीने घरात केला नाही. घरात विनाकारण हसलं की तिघंही काय झालं म्हणून विचारायचे. ती गोठ्यात जाऊन गाईसमोर हसायची. गाय काही विचारत नसे. एकदा हेडीने ते फटीतून पाहिलं आणि त्या दिवशी त्याला अन्न गोड लागलं नाही. ज्याचं जनावर लंगडं असतं तो विकणारा जास्त हसतो, हे त्याने जन्मभर पाहिलेलं होतं, आणि आता त्याची स्वतःची मुलगी हसायला शिकत होती.

आणखी एक गोष्ट त्याला खटकत होती. पाहुण्याला काही विचारायचं नाही, असं तिथे शिकवत. कुठून आलात, कुणाचे तुम्ही, बरोबरची बाई कोण, पोरंबाळं किती, यातलं काहीच नाही. आक्काने विचारलं, मग माणसाशी बोलायचं काय. घुमी म्हणाली, काही हवं का, एवढंच. आक्काला हे पचलं नाही. ओळखदेख नाही, आणि काही हवं का म्हणून विचारायचं. हे तर चोर आत शिरल्यावर त्याला बसायला पाट देण्यासारखं झालं, असं ती दिवसभर शेजारी सांगत फिरली.

शिकवणी संपत आली तशी घुमीने शेवटच्या परीक्षेची गोष्ट काढली. ज्या हॉटेलात नोकरी मिळायची, तिथे उमेदवाराच्या घरच्यांना एक मुक्काम पाहुणे म्हणून ठेवत. घरच्यांची भीती जावी हा एक हेतू. सकाळी उमेदवाराने त्यांचीच खोली, हॉटेलच्या साहेबांसमोर, आवरून दाखवायची हा दुसरा. साहेबांच्या मनास आलं तर नोकरी, राहायला जागा, दोन वेळचं जेवण. नाही आलं तर तसंच परत. परत म्हणजे वीटभट्टी, हे कुणी बोललं नाही, पण भट्टीच्या चिमणीचा धूर दोन दिवसांपूर्वीच दिसायला लागला होता.

"तुम्ही फक्त राहायचं," घुमी म्हणाली. "बाकी काही करायचं नाही."

हेडीला ही अट भयंकर वाटली.

हॉटेल हमरस्त्याला लागून होतं. दारात साहेब उभे होते. तरुण, दाढी कोरलेली, कोट घातलेले. त्यांनी हात पुढे केला. हेडीने सवयीने तो आपल्या पंज्यात घेतला आणि बोटं चाचपली. पलीकडून काहीच दाबलं जाईना. तो बराच वेळ थांबला. साहेबांनी हात सोडवून घेतला आणि कोटाला पुसला. ते हेडीने पाहिलं. हात पुसणं त्याला ओळखीचं होतं. पण बोटांनी काहीच न बोलणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. हा काहीतरी मोठं लपवतोय, हे तिथेच नक्की झालं.

घुमी कुठे दिसली नाही. परीक्षा होईपर्यंत तिने घरच्यांसमोर यायचं नव्हतं.

खोली पांढरी होती. पलंग पांढरा, उशा पांढऱ्या, टॉवेलांच्या घड्या पांढऱ्या. न्हाणीघरात छोट्या बाटल्या, कागदात गुंडाळलेला साबण. पायाखाली जाड गालिचा. हेडीने पलंगाभोवती दोनदा फेरी मारली, खाली वाकून पाय बघितले, गादीला बोटाने टोचलं. मग दार लावून त्याने आपलं म्हणणं मांडलं. इथली प्रत्येक वस्तू मोजून ठेवलेली आहे. जी वापरू ती मुलीच्या पगारातून जाणार. साबण फोडला, साबण गेला. उशी चुरगळली, उशी गेली. एवढं सगळं पांढरं कशासाठी ठेवलंय? बोट लागलं तरी दिसावं म्हणून. फुकट शिकवलेलं वसूल करायची जागा हीच.

त्याच्या बायकोने एका उशीकडे बघितलं. तिला ती नुसती दाबून बघायची होती. हेडीने नजरेनेच नको म्हटलं. आक्काला अंघोळ करायची होती, पाणी गरम येतं असं तिने ऐकलं होतं. तीही तोंड फिरवून बसली.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. घरून आणलेल्या डब्यातलं खाल्लं, घरून आणलेलं पाणी प्यायले, घरून आणलेली घोंगडी गालिच्यावर पसरून दोघी बायका झोपल्या. हेडी दाराला पाठ लावून बसून राहिला, कारण कुणी मागून आत येऊन काही वापरून गेलं आणि नाव आपल्यावर आलं तर? उजाडायच्या आत तिघांनी एकेक करून बाहेर जाऊन हॉटेलामागचं माळरान गाठलं. परत आल्यावर बायकोने गालिच्यावरचे घोंगडीचे धागे हाताने वेचले, पलंगाखालची धूळ पदराने पुसली. खोली आधीपेक्षा स्वच्छ झाली. तिघं भिंतीला लागून ओळीत उभे राहिले.

दारावर टकटक झाली. बाहेरून घुमीचा आवाज आला, स्पष्ट आणि मोकळा, "खोली आवरायला येऊ का?" हेडीला वाटलं दुसरंच कुणी आहे.

घुमी आत आली. मागे साहेब, त्यांच्या मागे शिकवणाऱ्या बाई. घुमीने पलंगाकडे पाहिलं. पलंग तिनेच काल दुपारी केला होता आणि तो तसाच होता. तिने न्हाणीघरात डोकावलं. फरशी कोरडी होती. ती हातातलं फडकं धरून तशीच उभी राहिली.

साहेबांनी उशी उचलून पाहिली. नळाखाली बोट फिरवलं. साबणाच्या कागदाचा डिंकसुद्धा निघालेला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते हेडी बाजारात रोज बघायचा. खरेदीदाराला आपण फसवले जातोय असा वास आला की तो असा हळू बोलतो.

साहेब म्हणाले, आम्ही येण्याआधीच हिने येऊन आवरून ठेवलं. इथे दोघींनी आधी असंच केलं होतं, त्या गेल्या. काम येत नसलेलं चालतं, फसवणूक चालत नाही. हिने सामान घेऊन आपल्या माणसांबरोबर परत जावं.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हेडीने ते जाताना पाहिलं, आणि इतके दिवस ते खोटं नव्हतं हे त्याला त्या क्षणी कळलं. घुमीची मान खाली गेली, वीटभट्टीचं सांगितलं तेव्हा गेली होती तशीच.

हेडी भिंतीपासून पुढे झाला.

"साहेब, पोरगी आली नाही. आम्ही वापरलंच नाही काही."

"तीन माणसं. अख्खी रात्र." साहेब म्हणाले. "आणि काहीच वापरलं नाही. का?"

"तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून."

साहेबांनी यावरही विश्वास ठेवला नाही. त्यांनी मग खोदून विचारायला सुरुवात केली. झोपलात कुठे, तर खाली. प्यायलात काय, तर घरचं पाणी. आणि सकाळचं? हे साहेबांनी दोनदा विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जनावरांचं शेण बघून त्यांची तब्येत सांगणाऱ्या माणसाला, मुलीच्या देखत, कोटातल्या पोरसवदा माणसाला बोट करून खिडकीतून माळरान दाखवावं लागलं. त्याने दाखवलं. साहेबांनी खिडकीपाशी जाऊन खरंच बघितलं. आक्काने कपाळाला हात लावला.

बाई मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, खोली अजून यांचीच आहे. आता वापरू द्या, मग परीक्षा घ्या. साहेब कुरकुरले, पण आपला चहा होईपर्यंतचा वेळ त्यांनी दिला, आणि मुलीला बरोबर बाहेर नेलं.

दार लागलं. आता खोली घाण करायची होती, आणि ते कसं करतात हे तिघांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. आक्काने आधी तोंड उघडलं. ती म्हणाली, मी अंघोळीला निघाले, आणि नाहीशी झाली. आतून धो धो पाणी आणि अधूनमधून समाधानाचे हुंकार येऊ लागले. बायकोने उशी घेतली, दोन्ही हातांनी दाबली, गालाशी धरली, आणि ठेवताना पुन्हा थोपटून जागच्या जागी ठेवली. हेडी तिच्यावर खेकसला. तिने उशी वाकडी केली. तिला ते बघवेना. तिने तोंड फिरवलं. टॉवेल जमिनीवर टाकायला तिचा हात होईना म्हणून शेवटी तिने डोळे मिटून टाकला, आणि उघडल्यावर परत उचलला. हेडीने तिच्या हातातून घेऊन तो फेकला.

पलंग राहिला होता. तो वापरायचा म्हणजे त्यावर निजायला हवं. हेडीने चादरीचा कोपरा ओढून काढला. चांगली ताकद लावावी लागली. मग तो बूट न काढताच आत शिरला, चुरगळा व्हावा म्हणून या कुशीवरून त्या कुशीवर झाला. दोनतीन वेळा झाला असेल. बाजार बंद झाल्यापासून त्याला धड झोप नव्हती, आणि आजची रात्र तर दाराशी बसून गेली होती. चौथ्या वेळी तो वळलाच नाही.

साहेब परत आले तेव्हा न्हाणीघराचं तळं झालं होतं, आक्का लालबुंद चेहऱ्याने केस पुसत खिडकीत उभी होती, आणि पलंगावर हेडी तोंड उघडं टाकून घोरत होता. घुमीने आधी न्हाणीघर घेतलं. पाणी ओढलं, फरशी कोरडी केली, आरसा पुसला, साबणाचे फाडलेले कागद उचलले, टॉवेल बदलले. तिचे हात भराभर चालत होते. साहेब मागे उभे राहून कोपरे बघत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं, याचा त्यांना त्रास होत होता. मग ती पलंगाशी आली आणि थांबली.

साहेब म्हणाले, उठवा यांना.

आईच पुढे झाली आणि तिने हेडीच्या खांद्याला हात घातला. घुमीने तो हात अलगद धरला आणि बाजूला केला.

"पाहुणे झोपलेत, बाई," ती आईला म्हणाली. "आपण बाहेर बसता का? मी चहा सांगते."

आई तिच्याकडे बघतच राहिली. बाई म्हणून तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती, आणि आपण असंही तिच्यासाठी कुणी वापरलं नव्हतं. ती मुकाट्याने बाहेर गेली. आक्काही गेली, चहा सोडणाऱ्यांतली ती नव्हती.

साहेबांचा आवाज चढला. "अगं, बाप आहे तो तुझा. हलवून जागं कर आणि संपव."

"हो, बाबाच आहेत," घुमी म्हणाली. "पण खोली त्यांची आहे."

तिने पडदा ओढला. वडिलांच्या पायांतले बूट सोडवले आणि पलंगाखाली जोडीने ठेवले. दिवा मालवला, साहेबांना दार उघडून धरलं, आणि ते बाहेर आल्यावर आवाज न करता लावून घेतलं.

बाहेरच्या बोळात साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं. हे सगळं तुम्ही ठरवून बसवलंत का, असं ते विचारत होते. बाई नाही म्हणाल्या. साहेबांनी बराच वेळ दाराला कान लावून घोरणं खरं आहे का, ते ऐकलं.

हेडी उठला तेव्हा ऊन गालिच्यावर आलं होतं. आपण कुठे आहोत हे त्याला कळायला वेळ लागला. दार उघडून तो अनवाणी बाहेर आला, तर बोळात घुमी भिंतीशी सरळ उभी, साहेब खुर्ची टाकून बसलेले.

"झालं का?" त्याने विचारलं.

"पलंग राहिलाय," घुमी म्हणाली, आणि आत गेली.

बाप उंबऱ्यावर, साहेब त्याच्या शेजारी. चादर हवेत फुगली आणि सरळ खाली बसली. कोपरे दुमडले, आत गेले, तळहात फिरला. साहेबांनी जाऊन पलंगाभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं, गादीला बोटाने टोचलं. मग ते सोमवारपासून ये म्हणाले आणि मागे न बघता निघून गेले.

हेडीने बोळात दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"फार लवकर हो म्हणाला. सांभाळून राहा."

"राहीन," घुमी म्हणाली. तिने पलंगाखालून त्याचे बूट काढून त्याच्यासमोर ठेवले. "पण बाबा, आता तुम्ही निघा. बाराला खोली सोडायची असते."